तिसऱ्या वाढदिवसासाठी रंगवलेलं घर

शाळेत परिपाठ चालू होता. प्रतिज्ञा अर्ध्यावर आली होती आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. शाळेच्या वेळात मी फोन उचलत नाही हे बाईला, माझ्या बहिणीला, माहीत होतं, म्हणून पडद्यावर तिचं नाव दिसलं तेव्हा मी रांगेतून बाजूला होऊन तो उचलला. पण पलीकडे बाई नव्हती, तिच्या अंगणवाडीतली मदतनीस होती. "सर, बाई पडल्या. वजनं करून राह्यल्या होत्या, लेकरू झोळीत होतं... लेकरू पहिले खाली ठेवलं त्याईनं, अन् मंग पडल्या." आर्वीपर्यंत तिचा श्वास चालू होता म्हणे, वर्ध्याला पोचेपर्यंत राहिला नाही. मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. पवनारजवळच्या माझ्या शाळेतून मी दवाखान्यात गेलो तेव्हा स्ट्रेचरवर तिचा उजवा हात चादरीबाहेर आला होता आणि त्याच्या दोन बोटांना पेनाची निळी शाई लागलेली होती.

कुसुम माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घरी थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणायची पद्धत आहे, आणि आर्वी-तळेगाव रस्त्यावरच्या त्या गावात अंगणवाडी सांभाळायला लागल्यापासून सगळं गावही तिला बाईच म्हणायचं. त्याच दुपारी आम्ही तिला गावी नेलं. घरात पाय ठेवला आणि ताज्या रंगाचा वास आला. दोन्ही खोल्या फिकट पिवळ्या, दारं-खिडक्या हिरव्या. भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या पाठीला पिवळं लागत होतं. शेजारची म्हातारी डोळे पुसत विचारत होती, "आत्ता कायले रंगवलं असन वं हे घर बाईनं? काही कारन ना कारज..." बाईच्या मुलाला, संघपालला, कारण ठाऊक नव्हतं. त्याची बायको प्रणाली हिलाही नव्हतं. मला ठाऊक होतं.

ते कारण सांगायचं तर मागं जावं लागेल.

संघपाल चार वर्षांचा असताना बाईचा नवरा गेला. एस.टी.च्या आर्वी आगारात ते मेकॅनिक होते. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. सासरच्यांनी माहेरी जा म्हटलं, आम्ही ये म्हटलं. ती कुठेच गेली नाही. वर्षभरानं तिला अंगणवाडी मिळाली आणि त्या एका खोलीत तिनं उरलेलं आयुष्य घालवलं. संघपालचा वाढदिवस ती दरवर्षी करायची. केक वगैरे तेव्हा आमच्याकडे कोणी आणत नसे. मोठ्या वाटीत शिरा दाबून भरायचा, ताटात उपडा करायचा, त्यावर जितकी वर्षं तितक्या लवंगा खोचायच्या. आधी पंचशील, मग औक्षण, मग अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांना तो शिरा. संघपाल मोठा झाल्यावर, वर्ध्याला सरकारी कचेरीत लागल्यावर, मित्रांमध्ये हसून सांगायचा, "माझ्या आईच्या केकमध्ये दाताखाली लवंग यायची." हसता हसता त्याचा आवाज ओला व्हायचा, हे मी पाहिलं आहे.

लहान मुलाकडे बघण्याची बाईची एक नजर होती. आई लेकराचं कौतुक सांगत असायची आणि बाई मात्र लेकराची मान, पाठ, डोळ्यांची हालचाल बघत असायची. कुणाचं पोर कधी पालथं पडलं, कधी बसलं, कधी 'मा' म्हणालं, तिला तोंडपाठ. एकदा शेतमजुराच्या घरातल्या एका पोरीचं पाऊल आत वळलेलं तिला दिसलं. घरचे म्हणाले, मोठी झाली की होईल सरळ. बाई तिला आणि तिच्या आईला घेऊन स्वतः एस.टी.नं वर्ध्याला आली, माझ्याकडे राहिली, सहा आठवडे दर सोमवारी प्लास्टर बदलून घेतलं. ती पोरगी पुढं माझ्याच ओळखीच्या शाळेत कबड्डी खेळली. म्हणजे बाईची नजर काय होती हे मला दुसऱ्या कोणाकडून कळायची गरज नव्हती. तरीही पुढं मी जे केलं ते केलं.

संघपाल-प्रणालीला लग्नानंतर चार वर्षांनी मुलगी झाली. नाव मैत्री. बाई बाळंतपणाला वर्ध्याला दीड महिना राहिली, मग अंगणवाडीसाठी परत गेली. पहिला दात आला, फोन. उष्टावण झालं, फोटो. पोरगी धरून उभी राहिली त्या दिवशी संघपालनं व्हिडिओ पाठवला, तर बाईनं तो अख्ख्या गावाला दाखवला. पहिला वाढदिवस मोठा करायचा ठरलं. वर्ध्यात हॉल घेतला, गुलाबी-पांढऱ्या फुग्यांची कमान, पोरीला परीसारखा झगा. आधी विहारातल्या आजोबांनी पंचशील दिलं, मग केक कापला. केक कापताना डोक्यावर टांगलेला एक मोठा फुगा फोडायचा होता, चमचम कागदांनी भरलेला. तो असा काही फुटला की मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, दचकलो. दोन-तीन लेकरं भोकाड पसरून रडायला लागली. कागद उडाले, टाळ्या वाजल्या... आणि मैत्री आपल्या आईच्या कडेवर शांतपणे बोटाला लागलेली मलई चाटत होती. कोणी म्हणालं, "काय धीट पोर आहे!" सगळे हसले. मीही हसलो.

बाई हसली नाही. औक्षणाचं ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग ताट ठेवलं, स्टीलची दोन ताटं उचलली, मैत्रीच्या पाठीमागे गेली आणि एकमेकांवर आपटली. फोटोग्राफर वळला, मी वळलो. पोरगी वळली नाही. बाईनं पुन्हा आपटली.

मग तिनं प्रणालीला हात धुवायच्या जागेजवळ नेलं आणि सांगितलं. हळूच सांगितलं असेल, पण प्रणालीचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला. "आई, आजच्या दिवशी? आजच्या दिवशी माझ्या लेकीला बहिरी म्हणता तुम्ही?" प्रणालीची आई धावली. संघपाल आला. बाई एवढंच म्हणत होती, "मी काही वंगाळ नाई म्हनून राह्यली बाप्पा. एकडाव कान तपासून आना. काही नसन तं चांगलंच आहे." संघपालचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "आई, ही तुझी अंगणवाडी नाहीये. इथे माझ्या साहेबांपासून सगळे बसलेत."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीच्या बापाचा मामा आणि त्यावर मुख्याध्यापक. मुलांमध्ये जन्म गेलेला माणूस. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण गेले कित्येक दिवस मी ते रोज स्वतःला ऐकवतो आहे. मी म्हणालो, "बाई, तू पण ना... माझ्या शाळेत किती तरी पोरं उशिरा बोललेली आहेत. पोरगी खेळण्यात दंग होती. उगाच आईबापाच्या मनात शंका नको घालू. प्रणालीची माफी माग अन् विषय संपव." मला हॉलमधली शांतता सोसवत नव्हती, एवढंच होतं ते. पाहुणे बघत होते, पुऱ्या थंड होत होत्या.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग प्रणालीकडे वळून म्हणाली, "माफी मागते, बेटा. पन तपासून आना."

ती न जेवता गेली. मी तिला आर्वीच्या गाडीसाठी बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "तू तरी असं नाई बोलायचं होतं, भाऊ. तुह्यं ऐकतेत ते."

ऐकलंच त्यांनी माझं. पुढचं वर्षभर संघपाल-प्रणालीनं माझा शब्द उशाशी घेऊन झोप काढली. पोरगी बोलत नाही म्हणून कुणी टोकलं की प्रणाली म्हणायची, "मामाजींनी सांगितलंय, काही मुलं उशिरा बोलतात." बाई फोन करायची आणि दर वेळी शेवटी विचारायची, "नेलं काय दवाखान्यात?" आधी संघपाल चिडायचा, मग फोन पटकन ठेवायला लागला, मग उचलेनासा झाला. मी मध्ये पडलो नाही. दोन्हीकडे चांगलं राहायची मला खोड आहे.

दुसऱ्या वाढदिवसाला तिला बोलावलं नाही. तसं ठरवून नाही; "मागच्या वर्षीसारखं नको" असं प्रणाली म्हणाली आणि संघपाल गप्प राहिला. घरातल्या घरातच होता तो, वीसेक माणसं. केक कापून झाला आणि माझा फोन वाजला. मी जिन्यात गेलो. बाई म्हणाली, "झाला काय केक कापून?" मी हो म्हटलं. "झगा कोनत्या रंगाचा घातला?" मी सांगितलं, निळा. मागून लेकरांचा कलकलाट येत होता. तिनं अंगणवाडीतल्या पोरांना शिरा केला होता, वर दोन लवंगा खोचून. मग तिनं विचारलं, "बोलते काय रे आता?"

मैत्री एक अक्षर बोलत नव्हती. हवं ते बोटानं दाखवायची, नाही मिळालं की आपलं डोकं भिंतीवर आपटायची. हे सगळं मी पाच मिनिटांपूर्वी पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "बोलते ना. थोडं थोडं."

"मंग चांगलं झालं. माह्यंच चुकलं मंग," बाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका सकाळी प्रणालीच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. मैत्री त्याच्या हातभर अंतरावर पाठमोरी बसली होती. ती हललीसुद्धा नाही. प्रणालीनं झाकण उचलून पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं... शेजारीण धावत आली तेव्हा ती फरशीवर बसून झाकण आपटत होती आणि रडत होती. नागपूरला तपासण्या झाल्या. दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ बंद. यंत्र बसवायचं ऑपरेशन करता येईल, पण लवकर केलेलं बरं असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "या वयात एकेक महिना मोलाचा. वर्षभर आधी आला असतात तर तिला भाषा सोपी गेली असती." संघपाल त्या संध्याकाळी थेट माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मामाजी, तुम्ही म्हटलं होतं." बस्, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आईला सांग. तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं सांगू?" मग मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हटलं तर जिन्यातलं ते खोटंही सांगावं लागलं असतं. तपासण्या, कागदपत्रं, तारखा यांत महिने गेले. ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी, बाहेरचं मशीन जोडून आवाज सुरू करणार होते. गाव लहान असतं. बाईला कोणाकडून तरी कळलंच. तिनं संघपालला फोन केला नाही. मला निरोप पाठवला, येऊ का म्हणून. आणि मी पुन्हा तेच केलं जे मी नेहमी करतो. सगळ्यांचं सगळं एका दिवशी गोड करून टाकावं, असा बेत मनाशी आखला. मी तिला फोन करून म्हणालो, "आत्ता नको येऊ, बाई. पोरं फार लाजलेली आहेत. महिनाभर थांब. मशीन सुरू झालं की तिसरा वाढदिवस तुझ्याच घरी करू. मी घेऊन येतो सगळ्यांना. तू कुणाला बोलू नको, मी जमवतो."

"माह्या घरी?" तिनं दोनदा विचारलं. "खरंच आनशीन?" मग म्हणाली, "घर तं पार उखडलं हाये रे. बरं झालं, महिना हाये हाताशी."

तर म्हणून ते घर रंगवलेलं होतं. रंगाऱ्यानं नंतर सांगितलं की खालचा पट्टा बाईनं स्वतः मारला, कारण तिला तो पोरीच्या हाताच्या उंचीपर्यंत नीट गुळगुळीत हवा होता. माझ्या त्या फोननंतर अठरा दिवसांनी ती गेली. अठरा दिवसांत वर्ध्याची एस.टी. किती वेळा तिच्या गावावरून गेली असेल... तिला कोणत्याही एका गाडीत बसता आलं असतं. ती बसली नाही, कारण मी थांब म्हटलं होतं.

ती गेल्यानंतर अकराव्या दिवशी नागपूरला मैत्रीचं मशीन सुरू केलं. मी गेलो होतो. कानामागे ती वाटोळी चकती चिकटवली, डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हळूच टकटक केली आणि मैत्रीचं अंग एकदम आखडलं. डोळे मोठे झाले. मग ती रडायला लागली आणि स्वतःच्याच रडण्याचा आवाज ऐकून आणखी घाबरून रडली. प्रणाली तिला छातीशी धरून "आई, आई आहे मी" म्हणत होती. संघपाल खिडकीकडे तोंड करून उभा होता. आनंदाचा दिवस म्हणायचा तो. मी तिथं बसून एकच हिशोब मांडत होतो: बाई आणि ही पोरगी या जगात तीन वर्षांना थोडे दिवस कमी, एवढा काळ एकत्र होत्या, आणि एकदाही तिनं आजीचा आवाज ऐकला नाही.

तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही गावी गेलो. वाढदिवस केला नाही. विहारात बाईच्या नावानं वंदना झाली, खीर वाटली, आणि मग आम्ही चौघं त्या पिवळ्या खोलीत बसलो. मैत्री भिंतीवरून हात फिरवत होती. प्रणालीनं अचानक विचारलं, "मामाजी, आईंचा आवाज आहे का हो तुमच्याकडे? आमच्याकडे सगळे फोटोच आहेत. व्हिडिओत त्या कधी बोललेल्याच नाहीत, नुसत्या पोरीकडे बघताहेत." तिनं भिंतीशी खेळणाऱ्या मैत्रीकडे बोट दाखवलं. "हिला निदान आवाज तरी ऐकवला असता."

होता माझ्याकडे. तो निरोप, 'येऊ का' म्हणून विचारलेला. बाईला टाइप करायला जमत नसे, म्हणून तिनं व्हॉइस मेसेज केला होता. आयुष्यातला पहिला आणि एकुलता एक. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग वाटलं, आता तरी खोटं नको. मी फोन जमिनीवर ठेवला आणि लावला.

"भाऊ, मी बोलून राह्यली. मैत्रीचं ऑपरेशन झालं म्हनते ना? मले नाई सांगितलं त्याचं काही नाई. लेकराले बरं हाये ना, बस. मी उद्या सकाळच्या गाडीनं येऊ काय? मी काही बोलनार नाई, भाऊ. कानाचं नाई, मागचं नाई, काहीच बोलनार नाई. एक डाव पाहीन अन् दुपारच्या गाडीनं वापस येईन. संघपालले विचारून सांगजो."

संघपाल उठून बाहेर गेला. अंगणात त्याचा हुंदका फुटलेला आम्हाला ऐकू आला. प्रणालीनं पदर तोंडात धरला होता. मैत्री फोनकडे बघत होती, पण ती आम्ही सगळे तिकडे बघतो आहोत म्हणून. तिच्यासाठी तो अजून नुसता आवाज होता, भांड्यासारखा, मोटारीसारखा. शब्द व्हायला त्याला खूप महिने लागतील.

प्रणालीनं तो मेसेज मागून घेतला. मुलीला रोज वेगवेगळे आवाज ऐकवायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. त्यांत ती रोज सकाळी तोही लावते. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा लागलेला होता. आजीचा आवाज म्हणून त्या पोरीला आयुष्यभर एवढंच मिळणार, मी काहीच बोलणार नाही म्हणणारा. मला वाटलं, बंद कर म्हणावं. पण कोणत्या तोंडानं म्हणू? मी चपला घातल्या आणि दारात थांबलो. निरोप संपल्यावरही तो मेसेज आणखी थोडा चालतो. बाईला रेकॉर्डिंग थांबवता आलं नव्हतं. मागे अंगणवाडीतली पोरं गलका करतात, काहीतरी खरखरतं, आणि मग अगदी जवळून, दुसऱ्याच कोणाला विचारावं तसा तिचा आवाज येतो, "झालं काय वं बंद हे? ...का ऐकूनच राह्यलं कोनी?"